मरळबोडीचं पांढरं डोरलं

१

"ह्या पोरीनं माह्यं सोनं खाल्लं, मॅडम!"

रुखमाबाई मारबते यांनी पदराची गाठ सोडली आणि आतलं डोरलं फौजदार नंदिनी उसेंडीच्या टेबलावर आदळलं. काळ्या मण्यांच्या पोतीत ओवलेल्या दोन वाट्या. नंदिनीनं त्या उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या. वाट्या पांढऱ्या पडल्या होत्या, कथिलासारख्या निस्तेज.

"माह्या सासूचं डोरलं हाय हे. लगनात मी इच्या गळ्यात घातलं. पिवळं जर्द होतं. काल इले न्हातानी मी पाह्यलं, त हे असं!" रुखमाबाईंचा श्वास चढला होता. मरळबोडी हे आरमोरीजवळचं, बोडीच्या म्हणजे तळ्याच्या काठचं, मासेमार ढीवरांचं गाव. तिथून त्या तरातरा चालत आल्या होत्या. "इनं खरं इकलं अन् चांदीचं घालून बसली. इचा नवरा तेलंगणात मिरची तोडून राह्यला, अन् ही इथी सोनं इकून राह्यली!"

दाराला टेकून उभी असलेली सून, पुनम, मान खाली घालून होती. पाचवा महिना असावा. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे.

"पुनम, तू सांग."

"मी नाई इकलं, मॅडम." एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. शिपायानं दिलेला पाण्याचा पेला तिनं हातात घेतला, पण हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

"भेव हाय म्हून थरथरते," रुखमाबाई म्हणाल्या. "हिले आजच माहेरी धाडतो. मंग खाय म्हना तिथी."

नंदिनी डोरल्याकडे पाहत होती. पांढरा रंग सगळीकडे सारखा नव्हता. बाहेरून डाग पसरल्यासारखा दिसत होता, आणि वाटीच्या आत, मेण भरतात त्या कडेला, एक बारीक पिवळी रेघ शिल्लक होती.

"रुखमाबाई, एक सांगा. तुम्हाला कोणाचं सोनं बदलायचं असतं, तर तुम्ही काय आणलं असतं?"

"मी काऊन बदलू?"

"समजा. पितळ आणलं असतं ना? सोन्यासारखं दिसणारं. पांढरं आणून कोणी स्वतःहून कशाला सापडेल?"

रुखमाबाईंनी वाकून डोरलं पुन्हा एकदा पाहिलं.

"मग चोर वेडा आहे," नंदिनी म्हणाली, "नाही तर इथे चोरी झालेलीच नाही. माझा तपास पूर्ण होईपर्यंत पोरीला घराबाहेर काढायचं नाही. आणि हे डोरलं माझ्याकडे राहील."

२

आरमोरीच्या बाजारपेठेत बापूजी सोनाराचं अरुंद दुकान होतं. गेल्या आखाडीला डोरल्याचे मणी त्यांनीच नव्यानं ओवून दिले होते, त्यामुळे पुनमनंतर संशय त्यांच्यावरच येत होता. खरं सोनं काढून घ्यायला सोनाराइतकी सोय कोणाला?

नंदिनीनं पुडी उघडून समोर ठेवली. बापूजी चष्मा सावरत पुढे वाकले आणि एकदम मागे सरकले.

"हात लावला का तुम्ही याले?"

"लावला. का?"

"धुऊन घ्या आधी. साबनानं." त्यांनी डोरलं चिमट्यानं उचललं, दुकानातून बाहेर नेलं आणि ओट्यावर उन्हात ठेवलं. मग लांबूनच न्याहाळलं. "माह्यावर आळ हाय ना? रुखमाबाई बाजारभर बोंबलून गेली. पन हे सोनंच हाय, मॅडम. वजन करा, जास्तच भरंल. तापवलं की पुन्हा पिवळं होते. पन दुकानात मी नाई तापवत. त्याचा धूर लय वंगाळ. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावं लागते."

"कशाचा धूर?"

"सोन्यावर बसला हाय तो. सोनं त्याले ओढून घेते अन् पांढरं पडते." बापूजींनी चिमटा खाली ठेवला. "पारा."

नंदिनीच्या कानात तो शब्द घुमला. गेला महिनाभर सगळा तालुका हाच शब्द बोलत होता. मरळबोडीच्या मासळीत पारा आहे. बायांच्या रक्तात पारा सापडला. त्याच गावात आता सोन्यावरही पारा?

३

"पारा?" डॉक्टर प्रणित खुर्चीतून उठलाच. "सोन्यावर?"

प्राथमिक आरोग्य केंद्रातला हा तरुण डॉक्टर गेले कित्येक आठवडे नीट झोपला नव्हता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मरळबोडीत तरण्या बायांची पोटं एकामागून एक वाया गेली. कोणाच्या हिरड्यांतून रक्त, कोणाचे हात कापतात, कोणाला तोंडात सतत तांब्याची चव. त्यानं रक्त तपासायला पाठवलं आणि त्यात पारा निघाला.

"पोटातल्या बाळाच्या मेंदूवर तो घाव घालतो, मॅडम. म्हणून मी मूल होण्याच्या वयाच्या बायाच तपासल्या. मासे बंद करा म्हणून सांगितलं. दुसरं काय करणार होतो?"

त्याचा परिणाम नंदिनीनं बाजारात पाहिला होता. ढीवर बाया टोपल्या घेऊन बसत आणि तशाच उठून जात. मरळबोडीचं नाव काढलं की गिऱ्हाईक पुढे सरकायचं.

"मासे खाऊन गळ्यातलं सोनं पांढरं होईल?"

"कधीच नाही. माशातला पारा मांसात मुरलेला असतो. तो सोन्यावर बसत नाही. सोनं पांढरं व्हायला सुटा पारा लागतो. थर्मामीटरमध्ये असायचा ना, तसा चकाकणारा." बोलता बोलता तो थांबला. "म्हणजे पुनमनं हातात पारा धरलाय?"

"सगळ्याच तरण्या बायांचं रक्त वाईट निघालं?"

"एक सोडून. प्रिया. तीही रोज मासे खाते. मला वाटलं, नमुना बदलला असेल."

"नसेल बदलला. आता गावातल्या म्हाताऱ्या बायांना तपासा. आणि मासेही. माशातला पारा आणि सुटा पारा वेगवेगळा ओळखता येतो?"

"रक्तात अवघड आहे. पण सुटा पारा लघवीत उतरतो." डॉक्टरचे डोळे आता जागे झाले होते. "आजच पाठवतो."

नंदिनी दारापाशी पोचली आणि मागे वळली. "डॉक्टर, रोग शंभर असतात. रक्तात पाराच तपासावा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं. गुणवंतरावांनी सुचवलं. कोळशाच्या धुरातला पारा तळ्यात उतरतो, मासा तो खातो, असं म्हणाले. बोलणं शास्त्राला धरून होतं."

४

गुणवंतराव हे मरळबोडीतलं मोठं नाव. बंद पडलेली धान गिरणी त्यांची. तिच्या मागच्या खोलीत ते गावातल्या सुनांसाठी फुकट शिवणवर्ग चालवत. मासळीचं प्रकरण निघालं तेव्हा गावाला डाळ वाटली तीही त्यांनीच.

नंदिनी गिरणीपाशी पोचली तेव्हा ते मागच्या दारातून बाहेर येत होते. तिला पाहून हसले आणि हसत हसतच सदऱ्याच्या खिशातून अंगठ्या काढून एकेक बोटात घालू लागले. सोन्याच्या, जाडजूड. शेवटी गळ्यात गोफही चढवला.

"या, या मॅडम. त्या पुनमचं ऐकलं मी. गरीब पोर आहे, मोहात पडली असेल. तिला सोडून द्या. सोन्याची भरपाई मी करतो."

"तुम्ही कशाला भरपाई करणार?"

"गावाची माणसं म्हणजे आपलीच. आणि ते मासे, मॅडम, ते तेवढे बंदच राहू द्या. माझं कोणी ऐकत नव्हतं. शेवटी डॉक्टरलाच सांगावं लागलं."

नंदिनी तिथून रुखमाबाईंच्या अंगणात गेली. चुलीवर मातीच्या गाडग्यात कालवण रटरटत होतं.

"डॉक्टरानं मना केलं ना मासे?"

"पोरीले देत नाई मी," रुखमाबाई गुरकावल्या. "मी खातो. जनम गेला माहा या बोडीचे मासे खाऊन. डोकं, शेपूट, सगळं खातो. मले काऊन काई होत नाई, ते सांगा तुमच्या डॉक्टराले!"

शेजारच्या घरी प्रिया आजारी सासूचे पाय दाबत बसली होती. धडधाकट, गालावर तजेला. रक्त निर्दोष निघालेली ती एकटीच.

"तुझं दिवसभराचं काम काय असतं, प्रिया?"

"हेच. बुडी उठत नाई ना. साऱ्या बाया जातेत शिवनवर्गाले, मले जमत नाई." तिनं उसासा सोडला. "मले लय जावंसं वाटे. पन नशिबात नाई."

नंदिनी तिथून उठली. मग परत पुनमकडे आली. पुनम आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. नंदिनीनं आपल्या बाहीची उसवलेली शिवण पुढे केली.

"वर्षभर शिवणवर्गाला जातेस ना? एवढे दोन टाके घालून दे."

पुनमनं सुई घेतली. दोरा जिभेवर ओला केला. हात कापत होते, पण अडचण हातांची नव्हती. गाठ कुठे मारायची, सुई कुठून काढायची, हेच तिला ठाऊक नव्हतं. बराच वेळ झटून तिनं बाही स्वतःच्या पदरालाच शिवून टाकली.

"पुनम," नंदिनी हळूच म्हणाली, "त्या खोलीत तुम्ही काय करता?"

पुनमचा चेहरा पांढराफटक पडला. "माता मायची शपथ घेतली हाय, मॅडम. मले इचारू नका. शपथ मोडली त पोटातलं जाईन माह्यं. मागच्या साली एक गेलं."

५

ती एकटीच नव्हती. नंदिनी ज्या ज्या अंगणात गेली तिथे हेच झालं. बाया बोलायच्या, शिवणवर्गाचं नाव निघालं की गप्प व्हायच्या. बोडीकाठच्या माता माय या देवीपुढे सगळ्यांनी शपथ घेतली होती, आणि पोट वाया गेलेल्या बाईला शपथेची भीती कशी असते हे नंदिनीला कळत होतं. जबरदस्ती करून तोंड उघडेल, पण ती पोर आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील.

निघताना तिनं रुखमाबाईंना सहज विचारलं, "गावाबाहेरचं कोणी येतं का त्या वर्गाला?"

"जंगलातल्या टोल्यावरची बुधरी येते ना. तुमच्याच जातीची, गोंडाची हाय. ती त मासेही नाई खात, ओकारी येते म्हन्ते. तरी तिचे हात कापून राह्यले आता."

मासे खात नाही, तरी हात कापतात! नंदिनीनं जीप तशीच टोल्याच्या, त्या जंगलातल्या पाड्याच्या, रस्त्याला वळवली.

बुधरी कुडाच्या भिंतीला टेकून मोहाची पत्रावळ लावत होती. काडी पानात शिरत नव्हती. दोनदा तिची बोटं चुकली. नंदिनीनं जोहार घातला आणि जमिनीवरच बसली. कुरखेड्याकडच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. मग दोघी गोंडीत बोलू लागल्या. घरचं, शेतीचं, आईच्या आजाराचं बोलणं झालं आणि शेवटी नंदिनीनं विचारलं, "शपथ तूही घेतलीस?"

"घेतली." बुधरी हसली. किती तरी दिवसांनी हसली असावी. "पण ती त्यांच्या देवीची. माझा देव, माझा पेन, वेगळा आहे. त्याच्यापुढे मी कधीच कबूल केलं नाही. इतके दिवस कोणी विचारलंच नाही, बाई."

मग तिनं सगळं सांगितलं. मोठ्या शहरातल्या सोनारांच्या दुकानांतली झाडलोट आणि भट्टीची राख पोती भरभरून यायची. घमेल्यात राख घ्यायची, पाणी घालायचं आणि त्यात 'चांदीचं पाणी' ओतायचं. ते जड असायचं, बोटांतून निसटायचं. उघड्या हातांनी मळायचं. राखेतले सोन्याचे कण ते पाणी खाऊन टाकायचं. मग फडक्यातून पिळून उरलेली गोळी शेगडीवर लाल होईस्तोवर तापवायची. राख उडू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. म्हाताऱ्या बायांना कण दिसत नाहीत, म्हणून फक्त तरण्या सुना. बाहेर बोललात तर सोनं चोरलं म्हणून पोलीस नेतील, अशी धमकी.

"गुणवंतराव आत बसायचे?"

"कधीच नाही. दारातून बघायचे, तेही नाकाला रुमाल लावून. आणि आत येण्याआधी अंगावरचं सोनं काढायला लावायचे. आम्हालाही. पुनमनं तेवढं ऐकलं नाही. सासूनं बजावलं होतं म्हणे, पोटुशी आहेस, डोरलं काढू नको. तिनं ते पोलक्यात लपवलं."

नंदिनी उठली. गुन्हेगार सापडला होता, पण त्याला बोलणाऱ्या एका बुधरीची भीती वाटणार नव्हती. त्याला सगळ्या गावापुढे गाठावं लागणार होतं.

६

तपासणीचे निकाल आले आणि दुसऱ्याच दिवशी मोहाच्या झाडाखाली ग्रामसभा भरली. पंचांना घेऊन नंदिनी सकाळीच गिरणीत जाऊन आली होती. आता समोर सगळं गाव होतं, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर गुणवंतराव.

आधी डॉक्टर प्रणित उभा राहिला. "मी तुम्हाला मासे सोडा म्हणालो होतो. ते अपुऱ्या तपासणीवर म्हणालो. रुखमाबाई आणि त्यांच्या वयाच्या सगळ्या बाया रोज मासे खातात, त्यांच्या रक्तात काळजी करण्यासारखं काही नाही. बोडीची मासळीही मी तपासून आणली. तीही चांगली आहे. पण शिवणवर्गाला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या लघवीत पारा आहे. सुटा पारा. आणि बुधरीच्याही. ती तर मासा तोंडाला लावत नाही."

सभेत कुजबुज उठली. नंदिनीनं हात वर केला.

"मासे सगळं गाव खातं. आजारी फक्त सुना पडल्या. सुनांमध्येही प्रिया वाचली, कारण ती त्या खोलीत गेली नाही. बुधरी नाही वाचली, कारण ती गेली. मग विष ताटात होतं की खोलीत, ते तुम्हीच सांगा."

गुणवंतराव उभे राहिले. आवाज शांत होता. "मॅडम, माझी चूक झाली. मी बायांना गावातच थोडं काम दिलं. शहरातला माणूस पावडर पाठवायचा, पाणी पाठवायचा. त्यात काय असतं, मला खेडवळ माणसाला काय कळणार? पारा आहे हे मला आज कळतंय."

"आज?" नंदिनीनं डॉक्टरकडे पाहिलं. "डॉक्टर, या गावात पारा हा शब्द सगळ्यात आधी कोणी उच्चारला?"

"गुणवंतरावांनी. रक्त तपासायच्या आधी."

"पेपरात वाचलं होतं मी!"

"असेल. मग हे सांगा. माझ्यासमोर तुम्ही त्या खोलीतून बाहेर आलात तेव्हा अंगठ्या खिशात होत्या. बाहेर आल्यावर घातल्या. आत जाताना तुम्ही सोनं काढायचात, बायांनाही काढायला लावायचात. साधी पावडर असेल तर सोन्याला तिची काय भीती?" ती एक पाऊल पुढे आली. "पारा सोन्याला पांढरं करतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही तुमच्या अंगठ्या वाचवल्या. या पोरींची पोटं नाही वाचवलीत. आणि त्यांच्या रक्तात तो सापडणार हे दिसताच आळ बोडीवर ढकललात!"

गुणवंतरावांचा आवाज चढला. "पुरावा? गिरणीत काही सापडणार नाही तुम्हाला."

"खोली घासून धुतलीत, वरून शेणानं सारवलीत. दगडी फरशी कोणी सारवतं का, गुणवंतराव? पाण्यानं पारा वाहून जात नाही. तो फटीत उतरून बसतो." तिनं बूच घट्ट बसवलेली काचेची बाटली उंच धरली. तळाशी चकाकणारे थेंब एकमेकांकडे धावले आणि एक झाले. "आज सकाळी पंचांसमोर फरशीच्या फटीतून काढलाय."

मग तिनं बापूजींना खूण केली. सोनारबुवांनी मैदानाच्या दूरच्या टोकाला शेगडी मांडली होती. डॉक्टरनं कोणालाही जवळ जाऊ दिलं नाही. वारा पाठीशी घेऊन, लांब चिमट्यानं बापूजींनी पोतीतून सोडवलेलं पुनमचं डोरलं निखाऱ्यांवर धरलं. सगळं गाव टाचा उंचावून पाहू लागलं. थोड्या वेळानं त्यांनी चिमटा उचलला, डोरलं पाण्यात बुडवलं, पुसलं आणि उन्हात धरलं.

पिवळं. लखलखीत पिवळं.

रुखमाबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. गर्दीतून वाट काढत त्या पुनमपाशी आल्या आणि सगळ्या गावासमोर तिला कवटाळून म्हणाल्या, "माय माही, मी तुले चोर म्हनलं. माह्या जिभेले आग लागो."

"तुमी नाई म्हनलं असतं, त मॅडमले कसं कळलं असतं?" पुनम रडत रडत हसली. मग तिनं डोळे पुसले आणि सरळ उभी राहिली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "माता मायनं आमाले पोरं देली. ज्यानं ते मारले त्याची शपथ माता माय कायले पाळायले लावंन? मी सांगतो. मी त्या खोलीत राख मळली. ह्यानंच मळायले लावली."

"मीबी," मागून एक बाई उठली.

"मी बी मळली. माह्ये दोन गेले."

मग एकेक करत सगळ्या उठल्या. टोल्यावरून आलेली बुधरी आधीपासूनच उभी होती. गुणवंतराव खुर्चीत बसले ते पोलिसांनी उठवल्यावरच उठले.

७

पुढे यथावकाश खटला उभा राहिला तेव्हा लोक म्हणाले, बाया कोर्टात फिरतील. एकही फिरली नाही. सुना टेम्पोनं गेल्या, टेम्पोनं आल्या, आणि वकिलानं कितीही वळणं घेतली तरी प्रत्येकीनं तेच सांगितलं जे तिच्या हातांनी केलं होतं. गुणवंतरावांना शिक्षा झाली. राख पाठवणारा शहरातला माणूसही धरला गेला. गिरणीची ती खोली खणून, माती उचलून, कायमची बंद केली.

डॉक्टर प्रणित दर महिन्याला मरळबोडीत येऊन लघवीचे नमुने घेई. आकडे उतरत गेले. आधी बोटं स्थिर झाली, मग हिरड्या. खटला उभा राहण्याआधीच, उन्हाळा संपता संपता, पुनमला मुलगी झाली. डॉक्टरनं तिला उलटसुलट तपासलं, नजर तपासली, कानाशी टाळी वाजवली, तेव्हा ती अशी काही किंचाळली की रुखमाबाई म्हणाल्या, "आईक रे बाबा, हे माह्यावर गेली!" अजून वर्षभर तिला तपासत राहावं लागणार होतं, पण त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा मनापासून हसला.

मासळीचं बाजारात काय होतं, ही तेवढी धाकधूक होती. लोकांच्या मनातून भीती घालवायला कागद पुरत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी डॉक्टर स्वतः मरळबोडीच्या बायांसमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत पिशवीभर मासे घेतले. त्याच्यामागे बापूजी आले. मग शाळेचे मास्तर, मग कोण कोण.

नंदिनीची ड्यूटी संपायला दुपार झाली. ती बाजारात पोचली तेव्हा रुखमाबाई रिकामी टोपली पालथी घालून झटकत होत्या. शेजारी प्रियाची टोपली रिकामी, पलीकडच्याही सगळ्या रिकाम्या. मुलीला मांडीवर घेऊन पुनम घमेलं धूत होती.

"रुखमाबाई, मला ठेवले ना थोडे?"

"उद्या सकाळीच या, मॅडम!" रुखमाबाई साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लोकायनं तुटून नेले. आज आमच्याच घरी कालवनाले नाई उरला!"